ज्याचं नाव, त्याचंच कुलूप

जेरेमी रेनर हे नाव पटकन लक्षात येत नसेल, तर 'हॉकआय' आठवा. 'अव्हेंजर्स'च्या टोळीतला तिरंदाज. बाकीच्यांत कुणी देव, कुणी हिरवा राक्षस, कुणी लोखंडी चिलखतातला अब्जाधीश, आणि त्यांच्या शेजारी हा आपला धनुष्यबाण घेऊन उभा. त्याची थट्टा करणारे पुष्कळ, पण त्याच्यावर जीव टाकणारेही कमी नाहीत. 'द हर्ट लॉकर'साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, म्हणजे नट म्हणूनही माणूस कच्चा नाही.

या रेनरचं स्वतःचं एक ॲप होतं, 'जेरेमी रेनर ऑफिशियल'. मार्च २०१७मध्ये ते सुरू झालं. ४ सप्टेंबर २०१९ला रेनरने स्वतःच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. अडीच वर्षांचं आयुष्य. बंद पडण्याचं कारण इतकं विचित्र होतं की इंटरनेटवर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. ज्यांनी ते ॲप कधी उघडलंही नव्हतं, असे लोक सगळ्यात जास्त हसले.

मी बांद्याचा. मुंबई-गोवा महामार्गाने गोव्याकडे निघालात की आमचं गाव महाराष्ट्राच्या अगदी शेवटी लागतं. पुढे पत्रादेवी, म्हणजे गोवा. आमच्या बाजारात हॉलिवूडचा नट दिसण्याचा प्रश्नच नाही. तरीही रेनरच्या ॲपची गोष्ट वाचत गेलो तसं मला ती समजायला माझ्या भागातलेच तीन शब्द उपयोगी पडले: बक्षीस, सोंग आणि कूळ. त्याच तीन शब्दांनी ती सांगतो. पण आधी ही असली ॲप मुळात आली कशी, ते बघू.

पत्र, ब्लॉग आणि मग ॲप

आवडत्या माणसापर्यंत पोहोचायची धडपड ॲपपेक्षा फार जुनी आहे. १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांच्याकडे पत्रांचे ढीग पडू लागले. झुमरी तलैया हे आताच्या झारखंडातलं गाव देशभर माहीत झालं ते रेडिओला फर्माइशी पाठवणाऱ्यांमुळे. गाणं तर काय, फर्माइश न पाठवताही लागलं असतं. पण ते लागण्याआधी निवेदकाच्या तोंडून आपलं नाव ऐकू येणं, ही खरी कमाई होती.

पुढे इंटरनेट आलं आणि उत्तर मिळण्याची शक्यता वाढली. १७ एप्रिल २००८ला अमिताभ बच्चन यांनी 'बिगअड्डा' या साइटवर ब्लॉग लिहायला घेतला. वाचकांना ते 'एक्स्टेंडेड फॅमिली' म्हणतात. ती साइट गेली, ब्लॉग टम्ब्लरवर गेला, पण लिहिणं थांबलं नाही. सचिन तेंडुलकर २०१०मध्ये ट्विटरवर आला. मधला मॅनेजर, मधलं मासिक, मधला पोस्टमन, सगळे बाजूला झाले आणि तारा थेट तुमच्या हातातल्या फोनवर बोलू लागला. निदान तसं वाटू लागलं.

त्यात एक अडचण होती. २०१४च्या सुमारास फेसबुकवर पान चालवणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट जाणवायला लागली. फॉलोअर लाखांनी असले तरी पोस्ट त्यातल्या थोड्याच लोकांना दिसते. सगळ्यांना दाखवायची तर पैसे मोजा. म्हणजे गर्दी ताऱ्याच्या नावाने जमलेली, पण तिच्यापर्यंत जायचा रस्ता फेसबुकच्या मालकीचा, आणि त्यावर टोलनाका. ही गोष्ट मोठमोठ्या कलाकारांना टोचली. मग प्रश्न आला, आपला स्वतःचाच रस्ता का बांधू नये?

याच वेळी पैसा कुठे आहे, हेही दिसलं. जून २०१४मध्ये ग्लू मोबाइल या कंपनीने 'किम कार्डॅशियन: हॉलिवूड' हा गेम आणला. कपड्यांच्या दुकानातल्या साध्या नोकरीपासून सुरुवात करून तुम्ही प्रसिद्धीच्या पायऱ्या चढायच्या. गेम फुकट, आतले कपडे आणि घाई करायची सोय मात्र विकत. त्या एकाच वर्षात त्याने ७ कोटी डॉलरहून जास्त कमावले. सप्टेंबर २०१५मध्ये किम आणि तिच्या तीन बहिणींनी प्रत्येकीचं वेगळं ॲप काढलं, महिना २.९९ डॉलर वर्गणीचं. हॉलिवूडमधल्या प्रत्येक मॅनेजरच्या डोक्यात दिवा पेटला असणार.

आपल्याकडेही हवा तीच होती. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि ३१ मार्च २०१७पर्यंत डेटा जवळजवळ फुकट वाटला गेला. एरवी महिन्याला एक जीबी जपून वापरणारी माणसं दिवसाला एक जीबी उडवू लागली. डिसेंबर २०१६मध्ये सलमान खानने आपल्या ५१व्या वाढदिवसाला 'बीइंग इन टच' हे ॲप आणलं. २०१७मध्ये सचिनचं '१०० एमबी' आलं. शंभर शतकांतलं शंभर आणि मास्टर ब्लास्टरमधली एम-बी ही अक्षरं. ते बनवलं होतं पुण्याच्या जेटसिंथेसिस या कंपनीने. त्याच्या निमित्ताने सचिन चक्क गायला, सोनू निगमबरोबर. सहा वर्ल्ड कपमध्ये त्याच्यासोबत फलंदाजी केलेल्या खेळाडूंची नावं त्या गाण्यात गुंफली होती.

रेनरचं ॲप याच लाटेतलं. ते बनवलं होतं न्यूयॉर्कच्या एस्केपएक्स या कंपनीने. तिचा धंदाच हा. कलाकाराकडून नाव आणि फोटो घ्यायचे आणि तयार साच्यात ओतून ॲप काढायचं. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत एकाच साच्यातून ओळीने मूर्ती निघतात आणि मग रंगकाम वेगळं होतं, तसंच. गायक, नट, मॉडेल, भारतातलेही काही सिनेकलाकार या साच्यातून निघाले. साच्याची गोष्ट ध्यानात ठेवा. तिला पुढे महत्त्व आहे.

बक्षीस

आता शिरू रेनरच्या ॲपमध्ये. बाहेरून ते इन्स्टाग्रामसारखं दिसायचं. रेनर फोटो टाकायचा, फॅन लाईक आणि कमेंट करायचे. फॅनना स्वतःच्या पोस्टही टाकता यायच्या. डाउनलोड फुकट. पण आत 'स्टार' नावाचं एक चलन होतं, आणि ते खऱ्या पैशांनी विकत घ्यावं लागे. स्टार खर्च केले की तुमची कमेंट वर चढणार, रेनरच्या नजरेला पडण्याची शक्यता वाढणार. शिवाय सगळ्यात मोठे फॅन कोण, याची एक यादी सतत हलत असायची. वरचा नंबर टिकवायचा तर हात सैल ठेवावा लागे.

हे मी माझ्या मामाला सांगितलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे शिट्टी मारूक पण पैशे?"

प्रश्न बरोबर आहे, पण पैसे देऊन दाद देणं आपल्याला अगदीच नवीन नाही. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रांचा हंगाम लागतो. देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. नाटक रंगात आलं की एखादा प्रेक्षक नटाला बक्षीस देतो आणि त्याचं नाव माईकवरून पुकारलं जातं. अमुक वाडीतले अमुक, यांच्याकडून राजाला इतके रुपये. देणाऱ्याला नटाची कला आवडलेली असते, हे खरंच. पण सगळ्या मांडवाने आपलं नाव ऐकावं, ही इच्छाही त्यात असते. झुमरी तलैयाचा माणूस आणि आमच्या मांडवातला माणूस, दोघांची भूक एकच.

रेनरच्या ॲपने हीच भूक ओळखली होती. फरक असा की मांडवात बक्षीस नटाच्या हातात पडतं, तो ते कपाळाला लावतो, तुमच्याकडे बघतो. ॲपमध्ये स्टार पडल्यावर पलीकडे कुणी बघितलं का, हे कळायला मार्ग नव्हता. कधीतरी रेनरचा लाईक यायचा, आणि त्या एका लाईकवर लोक पुढचे कित्येक दिवस काढायचे.

पण यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. रेनर रोज येत नव्हता, म्हणून तिथे येणारी माणसं एकमेकांशी बोलू लागली. आज काय केलं, तब्येत कशी आहे, पोरांची परीक्षा कशी गेली. बुधवारी, म्हणजे इंग्रजीतल्या वेन्सडेला, ते एकमेकांना 'हॅपी रेन्सडे' म्हणायचे. हा विनोद त्यांचाच. कंपनीने तो काढला नव्हता. एका माणसाच्या नावाखाली जमलेल्या अनोळखी लोकांचा हळूहळू एक वाडा तयार झाला. जिथे चार माणसं रोज भेटतात तिथे शब्द तयार होतात, सण तयार होतात, तसंच.

आणि जिथे चार माणसं रोज भेटतात तिथे भांडणंही होतात. स्पर्धा आणि त्यांचे निकाल यांवरून कुरबुरी झाल्या. निकाल आधीच ठरलेले असतात, असा काहींचा आरोप होता. कुणी कुणाला टोचून बोललं, कुणी तक्रारी केल्या, तक्रारीच्या पोस्ट गायब झाल्याचीही तक्रार झाली. ज्याच्या नावाने सगळं चाललं होतं त्याने मध्ये पडून न्याय द्यावा, असं काहींना वाटत होतं. गावातलं भांडण असतं तर कुणीतरी वडीलधारा पारावर बसून दोघांनाही दोन शब्द सुनावता. इथे पार होता, पण त्यावर बसणारं कुणी नव्हतं.

सोंग

सप्टेंबर २०१९च्या सुमाराला स्टीफन हेक नावाचा एक अमेरिकी विनोदी लेखक गंमत म्हणून या ॲपवर गेला. तिथे त्याला एक भोक सापडलं, आणि त्याने त्यावर 'डेडस्पिन' या साइटवर लेख लिहिला.

भोक असं होतं. ॲपवर तुमच्या कमेंटला कुणीही उत्तर दिलं की तुमच्या फोनवर नोटिफिकेशन यायचं, आणि ते जणू खुद्द जेरेमी रेनरकडून आल्यासारखं दिसायचं. म्हणजे कुठल्याशा टवाळाने काहीतरी अचकट लिहिलं, तरी तुमच्या लॉक असलेल्या स्क्रीनवर झळकणार ते रेनरचं नाव. विचार करा, एखादी फॅन दोन वर्षं त्याच्या एका शब्दाची वाट बघते आहे. फोन थरथरतो. रेनरचं नाव दिसतं. उघडून बघते तर घाणेरडा विनोद.

हे कळल्यावर टवाळांची झुंडच आत शिरली. ॲपवर आपलं नाव आणि फोटो बदलणं सोपं होतं. काही जण रेनर झाले. काही जण इतर नट झाले. काहींनी तर गुन्ह्यांमुळे बदनाम झालेल्या माणसांची नावं घेतली आणि त्या नावाने रेनरच्या फोटोखाली गप्पा मारायला लागले. खरा रेनर कोण, हे ॲपमध्येच ओळखता येईना. ज्या ॲपचं सगळं भांडवल 'इथे आहे तो खरा माणूस' एवढंच होतं, तिथे नेमकं तेच राहिलं नाही.

यात साच्याची भूमिका बघा. ज्यांच्या नावावर ॲप चालतात त्यांचं नावच कोण वापरतंय याची नीट तपासणी नाही, आणि कुणाचंही बोलणं मालकाच्या नावाखाली फोनवर झळकतं. रेनरने काही चूक पोस्ट टाकली म्हणून हे घडलं नाही. त्याच्या फॅनच्या भांडणांनीही ॲप मेलं नाही. नाव आणि माणूस यांना बांधणारी गाठ सैल राहिली होती, आणि ती कुणीतरी ओढली.

सोंग आमच्याकडेही घेतात. दशावतारात संकासुर येतो, काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. पुरुष स्त्री होतो, शेतकरी राजा होतो. नटाने आपलं तोंड स्वतःच रंगवलेलं असतं. लिखित संहिता हातात नसते, संवाद जागच्या जागी सुचतात. तरी मांडवातल्या कुणाची फसवणूक होत नाही. हा कुणाचा मुलगा, गेल्या वर्षी कुठल्या पार्टीत होता, हे पहिल्या रांगेतल्या म्हातारीला ठाऊक असतं. तिला तो राजा आहे हे मान्य असतं आणि तो राजा नाही हेही माहीत असतं. पहाटे दहीकाला होतो आणि सोंग उतरतं. सोंगाची वेळ आणि जागा ठरलेली आहे, म्हणून ते निर्धास्तपणे बघता येतं. रेनरच्या ॲपमध्ये नाटक कधी सुरू झालं तेच प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं.

टवाळांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या दृष्टीने हे ॲप म्हणजे भोळ्या लोकांना लाईकच्या आशेने स्टार विकणारं दुकान होतं, आणि दुकानाची टर उडवली तर बिघडलं काय? कंपनीबद्दल हे म्हणणं पटतंही. पण त्या रात्री नोटिफिकेशन कंपनीच्या फोनवर वाजली नाहीत. ती 'हॅपी रेन्सडे' म्हणणाऱ्यांच्या फोनवर वाजली.

रेनरने ॲपवरच निवेदन टाकलं. काही हुशार लोकांनी माझं आणि इतरांचं सोंग घेण्याच्या युक्त्या शोधल्या आहेत, असं त्याचं म्हणणं. कंपनीला ॲप बंद करायला आणि गेल्या ९० दिवसांत स्टार विकत घेतलेल्यांचे पैसे परत करायला सांगितलंय, असं त्याने लिहिलं. प्रामाणिक फॅनचे आभार मानले. विषय संपला.

कूळ

आता तो ९० दिवसांचा आकडा घ्या. तीन महिन्यांत स्टार घेतले असतील तर पैसे परत. त्याआधीच्या सव्वादोन वर्षांत घेतले असतील, तर त्या निवेदनात तुमच्यासाठी काही नव्हतं. आणि जे पैशांत मोजता येत नाही ते? दोन वर्षांच्या गप्पा, ओळखी, बुधवारच्या शुभेच्छा? ते परत करण्याची भाषाच कुणाकडे नव्हती.

सिंधुदुर्गात जमिनीचा विषय निघाला की 'कूळ' हा शब्द येतोच. जमीन एकाच्या नावावर, कसणारा दुसरा. पिढ्यान् पिढ्या कसूनही कागदावर त्याचं काही नाही. मालकाच्या मनात आलं की ऊठ म्हणणार. १९४८चा मुंबईचा कुळकायदा आणि त्याखालचा १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, यांनी कायद्याच्या भाषेत म्हटलं की कसणाऱ्याचाही जमिनीवर हक्क आहे. त्या कायद्याने सगळे प्रश्न सुटले असं नाही, आमच्या जिल्ह्यात कुळांचे वाद आजही चालू आहेत. पण निदान प्रश्न तरी नीट विचारला गेला. राबणाऱ्याचं काय?

रेनरच्या ॲपमध्ये जमीन कंपनीची होती. पाटी रेनरची होती. राबत होते फॅन. रेनर आठवड्यात चार फोटो टाकत असेल, तर त्या फोटोंखाली शेकडो कमेंट लिहून जागा रोज हिरवी ठेवणारे ते होते. बाहेरच्या माणसाला ॲप उघडण्यासारखं काही वाटलं असेल, तर त्यांच्यामुळे. आणि ज्या दिवशी पाटीवरच्या नावाला त्रास व्हायला लागला, त्या दिवशी सगळ्या कुळांना एका निवेदनात उठवलं गेलं. रेनर वाईट वागला असं मला म्हणायचं नाही. आपल्या नावाने गलिच्छ मजकूर लोकांच्या फोनवर जात असताना कुणीही तेच केलं असतं. प्रश्न असा आहे की दुसरा काही मार्गच ठेवलेला नव्हता. पाटी उतरवून जागा तिथल्या माणसांकडे देता येईल, ही शक्यताच साच्यात नव्हती.

हे एकट्या रेनरचं नाही. टेलर स्विफ्टचं 'द स्विफ्ट लाइफ' डिसेंबर २०१७मध्ये आलं आणि १ फेब्रुवारी २०१९ला बंद झालं. कार्डॅशियन बहिणींची वर्गणीची ॲप २०१९ उजाडताना थांबली. त्या घराचा तो प्रचंड चाललेला गेमही ८ एप्रिल २०२४ला बंद झाला, आणि दहा वर्षं त्यात पैसे घालून जमवलेले कपडे आणि घरं त्याच्याबरोबर गेली. एवढंच कशाला, रेनरच्या ॲपची फजिती ज्या 'डेडस्पिन'वर छापून आली, तिथल्या संपादकीय मंडळींनीही मालकांशी झालेल्या भांडणातून दोनच महिन्यांत राजीनामे दिले. हसणाऱ्यांची जागाही भाड्याचीच होती.

ही ॲप का टिकली नाहीत, याची साधी कारणंही आहेत. ऑगस्ट २०१६मध्ये इन्स्टाग्रामने स्टोरी आणली. ताऱ्याचा सकाळचा चहा, मेकअपची खोली, विमानतळ, हे सगळं तिथे फुकट दिसायला लागलं. मग त्यासाठी वेगळं ॲप कोण ठेवणार? फोन भरला की पहिली कुऱ्हाड कशावर पडते, ते तुम्हाला सांगायला नको. ताऱ्यालाही दोन ठिकाणी पोस्ट टाकायचा कंटाळा येतो. आणि मुख्य म्हणजे, एकच माणूस कितीही आवडता असला तरी रोज नवं काही देऊ शकत नाही. रोजचं जे असतं ते फॅन एकमेकांना देतात. ते ॲपच्या हिशोबात कुठेच धरलेलं नव्हतं.

कोरियातल्या कंपनीने हे ओळखलं. जून २०१९मध्ये, रेनरचं ॲप शेवटचे महिने मोजत असताना, बीटीएसच्या कंपनीने 'वीव्हर्स' सुरू केलं. एका ताऱ्याऐवजी एकाच ठिकाणी अनेक गट, आणि फॅननी एकमेकांशी बोलायची जागा पहिल्यापासून मांडलेली. एक गट सुट्टीवर गेला तरी ॲप ओस पडत नाही. तुमच्यापैकी काहींच्या फोनमध्ये ते आत्ताही असेल. धंदा म्हणून ते जास्त शहाणं आहे. सातबारा मात्र तिथेही कंपनीच्याच नावाचा.

सचिन सिंधुदुर्गात आला तेव्हा

सचिनच्या ॲपची वाट जरा वेगळी गेली. २०१७च्या डिसेंबरमध्ये त्याच पुण्याच्या कंपनीच्या घरातून 'सचिन सागा' हा क्रिकेटचा गेम आला. '१०० एमबी' हे नाव क्रिकेटच्या बातम्या आणि व्हिडिओंकडे वळलं. मे २०२१मध्ये सचिनने जेटसिंथेसिसमध्ये साधारण १४.८ कोटी रुपये गुंतवले. म्हणजे ज्याच्या नावाने जागा चालत होती, तो जागेचा भागीदार झाला. ताऱ्याच्या बाजूने बघितलं तर रेनरपेक्षा ही किती तरी सुरक्षित व्यवस्था. नावाची गाठ आणि मालकीची गाठ एकाच हातात. फॅनचा हात त्यात अर्थातच नाही.

एप्रिल २०२३मध्ये सचिनने आपला पन्नासावा वाढदिवस आमच्या सिंधुदुर्गात केला. पुढे जानेवारी २०२४मध्ये त्याने इथल्या किनाऱ्याचा व्हिडिओ टाकून त्या दिवसांची आठवण काढली. मालवणीत सांगायचं तर, जिल्ह्याचा ऊर भरान इलो. तो व्हिडिओ आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. पण तो त्याने टाकला होता सगळ्यांच्या सामाईक बाजारात, एक्सवर. ताऱ्याला आपलं म्हणणं सगळ्यांपर्यंत न्यायचं असतं, तेव्हा तो खासगी अंगणात बोलत नाही, चव्हाट्यावर येतो.

रेनरचंही तसंच झालं. १ जानेवारी २०२३ला नेवाडात बर्फ काढायच्या अवजड यंत्राखाली सापडून त्याची तीसहून जास्त हाडं मोडली. हॉस्पिटलमधून त्याने फोटो टाकला तो इन्स्टाग्रामवर. जगभरातून प्रार्थना आल्या, शुभेच्छा आल्या. त्या गर्दीत 'हॅपी रेन्सडे'वाली माणसंही असणारच. पण ती तिथे लाखोंतली एकेक होती. एकमेकांना नावाने ओळखणारा, कुणाची तब्येत कशी हे विचारणारा वाडा त्या वेळी उभा असता, तर त्या बातमीच्या रात्री तिथे दिवे जळत राहिले असते.

आज तारे व्हॉट्सॲपच्या चॅनेलवर आहेत. चॅनेलवर तुम्ही इमोजी देऊ शकता, पण शेजारच्याशी बोलू शकत नाही. भांडणं नाहीत, सोंगं नाहीत, नोटिफिकेशनचा घोळ नाही. रेनरच्या ॲपमध्ये जे जे बिघडू शकत होतं ते सगळं काढून टाकलंय, आणि त्यासोबत माणसंही. दहा लाख लोक एका खोलीत बसलेत आणि कुणालाच कुणाचा आवाज येत नाही.

म्हणून मला जत्रेचा हिशोब जास्त पटतो. पहाटे दहीकाला झाला की पार्टीवाले तोंडं धुतात, पेट्या टेम्पोत चढवतात आणि पुढच्या गावाच्या जत्रेला निघतात. पुढच्या वर्षी पार्टी दुसरी असेल. राजा करणारा नट म्हातारा झाला असेल, कदाचित नसेलही. त्याची आठवण निघते, त्याचे संवाद लोक म्हणून दाखवतात. पण नट गेला म्हणून मांडव जात नाही. देऊळ गावाचं असतं, पटांगण गावाचं असतं, आणि त्याच तिथीला त्याच जागी लोक पुन्हा बसायला येतात, शेजारी कोण बसलंय ते बघून थोडं सरकतात.

एखाद्या ताऱ्याच्या नावाने तुम्ही कुठे जमत असाल, तर जमा. शिट्ट्याही मारा. फक्त तिथे भेटलेल्या माणसाचा नंबर त्या ॲपच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा.